जोड दिसता कामा नये

सोमवार, ३

दादाला पंचाहत्तर पूर्ण होतायत. त्याच्या माजी विद्यार्थ्यांनी सत्काराचा घाट घातलाय, तेवीस तारखेला दुपारी, मोठ्या सभागृहात. समितीचा चिटणीस औषधांचं दुकान चालवतो. तो आज सकाळी आला आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "सरांवर वीस मिनिटांची फिल्म करायची ठरलीय. काका, ती तुम्ही करा."

मी म्हटलं, "मी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. फिल्मशी माझा काय संबंध?"

"त्यात काय आहे! चुका काढायच्या, उरलेलं जोडायचं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. शिवाय तुम्हाला वेळच वेळ."

दादा आरामखुर्चीतून ऐकत होता. "करेल तो," म्हणाला. "दुसरं काय करतो?"

झालं, ठरलं. छापखाना बंद पडून दीड वर्ष झालं, तेव्हापासून या घरात माझ्या वतीने दादाच होकार देतो. खरं तर त्याआधीही तोच देत होता. घर त्याचं, वरची खोली त्याने दिलेली, नोकरीही त्याच्याच चिठ्ठीवर लागलेली. अठ्ठावन्नाव्या वर्षीही मी 'धाकट्या'च.

वहिनी कप उचलून आत गेल्या. त्या फारशा बोलतच नाहीत.

मंगळवार, ४

सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. उघडल्यावर अंगावर काटाच आला. वर दोन काळ्या खिडक्या, खाली रिकामे पट्टे, बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत दोनशे बटणं. नुसता कापायचा आणि जोडायचा धंदा, त्याला एवढा पसारा! दुपारभर बसून दादाचा एक फोटो आत घेतला, तो आडवा पडला. उभा करायला गेलो तर पसरट झाला. संध्याकाळी सगळं गायब, कारण 'सेव्ह' केलं नव्हतं. जोड्याने मारावं असं वाटलं. कुणाला, ते ठरेना.

गुरुवार, ६

इंटरनेटवर एक टक्कल पडलेला इसम हे शिकवतो. "मंडळी, अगदी सोप्पंय!" हे त्याचं पालुपद. ज्याला शिकवायचं त्याला सोपं वाटतंय हे आपणच सांगून टाकायचं, ही जात मी ओळखून आहे. मी त्याचं नाव टकलू गुरुजी ठेवलंय.

पण कापणं जमलं. उभी रेघ हवी तिथे आणायची, एक बटण दाबायचं, पट्टीचे दोन तुकडे होतात. नको तो तुकडा निवडून काढला की मागची पट्टी सरकून पुढच्याला चिकटते. गुरुजी म्हणाले, "मंडळी, एकच नियम. जोड दिसता कामा नये." हे बाकी छापखान्यातल्यासारखंच.

रविवार, ९

क्लिपा यायला लागल्या. आत्तापर्यंत एकोणीस. शी!

मोठ्या पडद्यावर माणसाचं तोंड पुन्हा पुन्हा बघावं लागणं ही शिक्षा आहे. नाकातले केस, ओठांच्या कोपऱ्यातला फेस, बोलण्याआधी होणारा जिभेचा 'चक' आवाज. सगळ्यांनी फोन उभा धरलाय, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे खांब आणि मधे माणूस, दाराच्या फटीतून डोकावल्यासारखा. एक बांधकाम कंत्राटदार चार मिनिटांत सदतीस वेळा 'म्हणजे' म्हणाला. मी मोजलं. सगळे 'म्हणजे' काढल्यावर पावणेतीन मिनिटं उरली आणि त्यात काही म्हणजे काहीच नव्हतं.

आणि सगळ्यांचं एकच तुणतुणं. सरांची शिस्त, सरांचा धाक, सरांनी मारलं म्हणून घडलो. एक वकील हसत हसत सांगतो, "सरांनी माझ्या पाठीवर पट्टी मोडली, मग घरून नवी आणायला लावली!" ते सांगताना त्याचा उजवा डोळा फडफडतो. मी तेवढाच तुकडा दहा वेळा पाहिला. फडफड बरी दिसत नाही, म्हणून तिथे दादाचा फोटो टाकला. चित्र झाकायचं आणि आवाज खालून चालू ठेवायचा. हे मला आता येतं.

मंगळवार, ११

वहिनींची क्लिप घ्यायला गेलो. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "वहिनी, दादाबद्दल दोन शब्द बोला."

फोनकडे बघत त्या म्हणाल्या, "ते वेळेवर उठतात. वेळेवर जेवतात."

मी फोन तसाच धरला. त्यांनी हातातली घडी पुरी केली.

"आणखी?"

"आणखी काय, भाऊजी?" म्हणाल्या आणि पुढचा सदरा घेतला.

बेचाळीस वर्षांच्या संसाराचे अकरा सेकंद. कर्तव्याची जाणीव म्हणून काही असते की नाही? माझ्या फिल्मचा भावनिक भाग त्यांच्यावर अवलंबून होता. शेवटी वेग कमी करून, खाली संगीत घालून अकराचे सोळा सेकंद केले. आता त्या गहिवरल्यासारख्या वाटतात.

शुक्रवार, १४

सकाळी शहाणपणा करून सगळ्या क्लिपा एका नव्या फोल्डरमध्ये नीट लावून ठेवल्या. सॉफ्टवेअर उघडलं तर सगळ्या पट्ट्या लाल. फाइल सापडत नाही, फाइल सापडत नाही. कपाळावर हात मारला. टकलू गुरुजींनीच तारलं: जुन्या जागा त्याला नव्याने दाखवून द्यायच्या. पाच तास गेले. दादा जिन्यातून ओरडला, "काय रे, अजून कापाकापीच चाललीय का?"

"झालंच," म्हटलं. माझ्या मनात त्याच्याबद्दल जे आलं ते इथेही लिहीत नाही. वही खालच्या कपाटात असते, त्याच्याही हाताला लागेल.

शनिवार, १५

आज एका बेकरीवालीची क्लिप आली. सात मिनिटं चाळीस सेकंद.

हिने फोन आडवा ठेवलाय, पिठाच्या डब्याला टेकवून. मागे भट्टीचं दार उघडं, त्यातून लालसर उजेड, ताज्या पावांची वाफ, आणि ती बाई हात न थांबवता कणकेचे गोळे तोडतेय. सेहेचाळीस-सत्तेचाळीसची असेल. मान सतत किंचित डावीकडे वळलेली. इतक्या दिवसांत बघावंसं वाटलेलं पहिलं चित्र. मी अक्षरशः सुखावलो.

मग आवाज लावला.

"चिटणीसांनी तीनदा फोन केला म्हणून बोलतेय," ती म्हणते. "ठेवायचं तर सगळं ठेवा. नाहीतर काहीच ठेवू नका."

पुढचं थोडक्यात लिहितो. ती सहावीत होती. सर शुद्धलेखन घालायचे, ती शेवटच्या बाकावर, तिला एक शब्द नीट ऐकू आला नाही. सरांनी डाव्या कानावर मारलं. कानातून रक्त आलं. तिला शाळेमागच्या सरांच्या घरी नेलं. सरांच्या बायकोने कापूस लावला. तिची आई धावत आली तेव्हा तिला सांगण्यात आलं की पोरगी झोपाळ्यावरून पडली. तो कान पुढे गेलाच.

मग ती म्हणते, "तिथे सरांचा धाकटा भाऊ जेवत बसला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली."

मी तेव्हा बावीस वर्षांचा असेन. त्यांच्याकडेच राहत होतो हे खरं. पण मला यातलं काही आठवत नाही.

किळस आली. तिचीच. छत्तीस वर्षांनी, म्हाताऱ्याच्या सत्काराच्या वेळी मढी उकरायची म्हणजे काय? त्या काळी सगळेच मारायचे. ही एकटीच काय ती नाजूक?

मला खरंच आठवत नाही.

सोमवार, १७

चिटणीसाला फोन केला. "बेकरीवालीचं जरा लांबलंय."

"दोन वाक्यं ठेवा हो, गोड गोड. पण ठेवा नक्की. फिल्ममध्ये बायका कमी आहेत."

काढून टाकणं सोपं होतं, पण मग ती भट्टी, तो उजेड, ती वाफ सगळंच गेलं असतं आणि उरले असते नाकातले केस. म्हणून बसलो. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत, जेवणही वर मागवलं.

तिचं पहिलं वाक्य: "सर आम्हाला शुद्धलेखन शिकवायचे." हे जसंच्या तसं ठेवलं. पुढे तिसऱ्या मिनिटाला ती म्हणते, "सरांचा हात मी आयुष्यभर विसरणार नाही." हेही तिचंच आहे, मी पदरचं काही घातलेलं नाही. आणि सहाव्या मिनिटाला: "आज मी माझ्या पायांवर उभी आहे ती सरांमुळे नाही, माझ्या आईमुळे."

इथे 'सरांमुळे'नंतर कापलं.

पण तिचा आवाज तिथे वर चढतो, वाक्य अर्धवट लोंबकळतं. तिला कुणीतरी मधेच गप्प केलंय हे लहान पोरालाही कळेल. दोन तास डोकं खाजवलं. शेवटी सुचलं! क्लिपमध्ये एके ठिकाणी ती पत्र्याचा ट्रे ओट्यावर आपटते. तो आवाज उचलला आणि 'सरांमुळे'च्या शेवटच्या 'ळे'वर आणून बसवला. ठण्! वाक्याला पूर्णविराम मिळाला. वर तिचं एक ओझरतं हसू लावलं, ते मुळात कुणा गिऱ्हाइकाकडे बघून हसलेलं आहे.

पंधरा वेळा लावून पाहिलं. जोड दिसत नाही. टकलू गुरुजींनाही दिसणार नाही.

छापखान्यात एकदा 'पाणी पिण्यास योग्य नाही' या फलकातलं 'नाही' सुटलं होतं. मी ते शेवटच्या घटकेला पकडलं आणि मालकाने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. आज मुद्दाम सोडलं, तर थोपटायला कोणी नाही.

शनिवार, २२

रेंडर झालं, म्हणजे सगळे तुकडे मिळून एक अखंड फिल्म तयार झाली. वीस मिनिटं चार सेकंद. दादाने बघितलं. वकिलाच्या पट्टीवर हसला, बेकरीवालीवर चष्मा पुसला. "चांगली पोरगी होती," म्हणाला. मी विचारलं, "आठवते तुला?" "न आठवायला काय झालं? सगळी पोरं आठवतात मला."

ती नक्की कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. पैजेवर सांगतो.

रविवार, २३

चारशे माणसं. मी मागे, यंत्राशेजारी. कंत्राटदाराचं झालं, वकिलाचं झालं, लोक हसले. मग भट्टीचा उजेड सगळ्या सभागृहावर पडला आणि कुणीतरी "वा!" म्हणालं. माझी छाती फुगली, खोटं कशाला लिहू. ट्रे वाजला. टाळ्या. चिटणीसाने लांबून अंगठा दाखवला.

दिवे लागले तेव्हा ती दिसली. डावीकडच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, उजवा कान पुढे करून. शेजारी एक म्हातारी, हातात पिशवी. समितीने सगळ्यांनाच बोलावलं होतं, ही आईला घेऊन येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

लोक दादाभोवती गोळा झाले. मी वायरी गुंडाळत होतो. ती जवळ आली.

"फिल्म तुम्ही केलीत?"

"हो."

"कुठे शिकलात?"

"घरीच. फुकटचं सॉफ्टवेअर आहे." माझ्या तोंडून हे गेलं, देवाशप्पथ.

तिने मान हलवली. आवाज चढवला नाही. "मी सांगितलं होतं ना, सगळं ठेवा नाहीतर काही नको?"

"वेळेचं बंधन होतं. समितीने..."

"माझी आई तिथे बसलीय. माझ्या कानासाठी ती वर्षभर दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत होती. शाळेत भांडायला गेली तर तिला फाटकाबाहेर काढलं. आज तिने माझ्या तोंडून ऐकलं, की मी उभी आहे ती सरांमुळे." तिने वळून आईकडे पाहिलं. "तिला वाटलं मी खरंच तसं बोलले. मी सांगतेय हे कापलंय, तर ती म्हणते, तुझंच तोंड होतं, तुझाच आवाज होता."

मी वायर गुंडाळत राहिलो. एकच वायर, सोडायची आणि गुंडाळायची.

"ती माझ्याशी बोलत नाहीये," ती म्हणाली आणि गेली.

मंगळवार, २५

काल काही लिहिलं नाही.

आज दादाने जिन्यातून हाक मारली. "धाकट्या, ते बेकरीवालीचं वेगळं काढून दे रे. सगळ्या ग्रुपांवर टाकतो. केवढं बोलली बघ पोरगी!"

"देतो," म्हणालो. पण दिलं नाही. दुपारभर पडद्यासमोर बसून होतो. पट्टीवरची ती जागा माझ्या नजरेला लगेच सापडते. जगात कुणाला न दिसणारा जोड मला उघड्या जखमेसारखा दिसतो आणि त्यावर मीच बसवलेला तो ठण्. टकलू गुरुजींचा एक नवा धडा आलाय. "मंडळी, आज आपण रंग सुधारूया!" बंद केला. त्या माणसाचा तरी काय दोष?

गुरुवार, २७

सकाळी दहा वाजता संगणक घेऊन खाली गेलो. दादा पेपर वाचत होता. संगणक त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला.

"काढलंस का वेगळं?"

"काढलंय. बघ."

पूर्ण क्लिप लावली. सुरुवातीला तो मान डोलावत होता. दीड मिनिटाने मान थांबली. रक्ताचं आलं तेव्हा म्हणाला, "आवाज कमी कर." मी केला नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्याचं न ऐकल्याची ही पहिली खेप, तीही अठ्ठावन्नाव्या वर्षी!

संपल्यावर त्याने चष्मा काढला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "हे कोणी कोणी पाहिलंय?"

एवढंच. तिचं नाव नाही, कान नाही. कोणी कोणी पाहिलंय.

"मी पाहिलंय," म्हटलं.

"पुसून टाक. वात्रट कार्टी असणार. त्या काळी..."

"पुन्हा लावा, भाऊजी." वहिनी दारात उभ्या होत्या, ओल्या हातांनी. किती वेळ होत्या कोण जाणे.

"तू आत जा," दादा म्हणाला.

त्या आत गेल्या नाहीत. "झोपाळ्यावरून पडली हे तिच्या आईला मी सांगितलं. तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलंत. शाळेत झोपाळा तरी होता का हो?"

दादाने पेपर पुन्हा उचलला. वहिनींचं एवढं लांब बोलणं मी या घरात कधी ऐकलं नव्हतं. त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही जेवत होतात."

"हो," म्हटलं.

आठवतं. पहिल्यापासून आठवतंय, पंधरा तारखेलाही आठवत होतं. ती दारात उभी होती, फ्रॉकच्या खांद्यावर रक्त होतं, आणि मी मान खाली घातली, कारण भूक लागली होती आणि पानात वाढलेलं गार होत होतं. भीती वगैरे नंतरची. आधी भूक. स्वतःची एवढी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती, आणि ती येतेय यातही कुठेतरी आपण बरे आहोत असं वाटून घेण्याचा लबाडपणा आहे, तोही दिसतोय.

मी क्लिप पहिल्यापासून लावली. वहिनींनी खुर्ची ओढून समोर घेतली. दादा उठून आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आवाज दारातून जाईल इतका मोठा वहिनींनी स्वतः केला. कोणतं बटण, ते मला विचारून.

शुक्रवार, २८

वहिनी म्हणाल्या, "त्यांच्याकडे जायचं." कुणाकडे ते विचारावं लागलं नाही.

बेकरीत सकाळची गर्दी सरली होती. म्हातारी गल्ल्यावर, मुलगी आत भट्टीपाशी. दोघींमध्ये काचेचं कपाट आणि पाच दिवसांचा अबोला. मी काउंटरवर संगणक उघडला आणि आजींना म्हटलं, "त्या दिवशीची फिल्म मी कापली होती. तुमची मुलगी तसं बोललेली नाही. ती काय बोलली ते हे."

आजींनी सातही मिनिटं उभ्याने पाहिली. 'माझ्या आईमुळे' आलं तेव्हा त्यांनी पडद्याला बोट लावलं. क्लिप तिथेच थांबली, मी परत चालू केली. संपल्यावर त्या आत वळल्या. "अगं," एवढीच हाक मारली. मुलगी आली नाही. तिचा डावा कान आमच्याकडे होता. आजी स्वतः आत गेल्या आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते भट्टीच्या आवाजात कळलं नाही. मुलीचे हात मात्र थांबले.

वहिनी काउंटरच्या या बाजूला पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या. थोड्या वेळाने आजी बाहेर आल्या आणि त्यांच्याकडे निरखून बघत राहिल्या.

"तुम्हीच ना त्या? झोपाळ्यावरून पडली म्हणणाऱ्या?"

"मीच," वहिनी म्हणाल्या. "मी खोटं बोलले होते."

आजींनी पायाने एक स्टूल पुढे सरकवलं. "बसा."

वहिनी बसल्या. आणखी एक स्टूल भिंतीशी रिकामं होतं. मला कुणी बस म्हणालं नाही. मी संगणक काखेत धरून उभा राहिलो, गिऱ्हाइकं आली की बाजूला सरकत.